मंजुळाने मशीन हळू केलं

आधीच सांगून टाकतो, मी चिडका माणूस आहे. चहात साखर कमी पडली तरी मी अख्ख्या माझगावला ऐकू जाईल असा ओरडतो, असं माझी बायको मॉड म्हणते. म्हणू दे. तीस वर्षं गिरणीत टाइमकीपर होतो. सकाळी सातच्या भोंग्याला हजारभर माणसं माझ्या खिडकीसमोरून आत जायची आणि उशिरा आलेला प्रत्येक जण एक नवी आजी मारून यायचा. अशा नोकरीत कुणाचा आवाज खाली राहील? पण मंजुळा वैतीबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज चढतो तो वेगळ्या कारणाने. मला तिचा अभिमान वाटतो, आणि ती कोण आहे हे कुणाला ठाऊक नाही याची चीड येते.

लालबागला मसाला कुटायच्या डंकांची गल्ली आहे. तिथे एका चाळीच्या तळमजल्यावर आमच्या गिरणीतल्या कामगारांच्या समितीची खोली. दहा बाय बाराची. कोपऱ्यात टेबल, टेबलावर संगणक, बाजूला किरकिरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार चौदाच्या मे महिन्यातली. तेव्हा मंजुळा छप्पन वर्षांची होती. शिवडी कोळीवाड्यातली, अंगाने काटक, चष्म्याच्या काड्यांना बांधलेला दोरा गिरणीतल्या सुताचा. रोज दहाला येऊन ती त्या टेबलाशी बसायची. नवा माणूस आत डोकावला की तिलाच विचारायचा, "बाई, कॉम्प्युटरवाले साहेब कुठे गेले?" च्यायला! मी तिथे असलो तर त्याची खैर नसायची. मंजुळा मात्र शांत. "साहेब नाय आले. तुम्ही मलाच सांगा, पास नंबर काय?"

ती अठराव्या वर्षी वाइंडिंग खात्यात लागली. वाइंडिंग म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण तिथे आज काचेचे दरवाजे आहेत. कातलेलं सूत बारीक बॉबिनवर येतं, ते मोठ्या कोनवर गुंडाळायचं. एकेका बाईकडे वीस-वीस चात्या, म्हणजे सूत फिरवणारे दांडे. सूत तुटलं की ती चाती थांबवायची, दोन्ही टोकं पकडायची, गाठ मारायची, चाती सोडायची. दिवसभर हेच. मंजुळाने मारलेली गाठ शोधून सापडायची नाही. मी हजेरी घ्यायला खात्यात गेलो की तिच्या बोटांकडे बघत उभा राहायचो आणि मुकादम मला म्हणायचा, "मास्तर, हजेरी घ्या, हात काय बघता?"

अठरा जानेवारी ब्याऐंशीला संप झाला. मंजुळा आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायला लागली. पुढे ज्यांना परत घेतलं त्यांत तिचा नंबर लागला. बाकी बायका आपली जागा मिळाली म्हणून गप्प झाल्या. ही बया रोज सुट्टीत माझ्या खिडकीशी हजर. "मास्तर, अमक्याला घेतला का? तमकीचं नाव आहे का पटावर?" मी खेकसायचो, "पट काय माझ्या बापाचा आहे?" ती म्हणायची, "बापाचा नाय, पण चावी तुमच्याकडे आहे ना?"

त्र्याण्णवला वाइंडिंग बंद झालं. मालकांना तेव्हा जुने सगळे हजेरीपट संगणकात हवे होते. एका कंत्राटी पोरगेल्या प्रोग्रामरने त्यासाठी प्रोग्राम लिहून दिला आणि तो आखाती देशात निघून गेला. टाइप करायला तीन जण ठेवले. महिन्याच्या आत तिघेही पळाले. पळणारच. चाळीस वर्षांचे पट, सहा क्लार्कांची सहा अक्षरं, वर तेलाचे डाग. मंजुळा तेव्हा गोदामातून पटांचे गठ्ठे उचलून आणायच्या कामावर होती. ती म्हणाली, "मास्तर, मी बसू?" आणि मी हसलो. खदाखदा हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

चार वर्षं मी वाचत गेलो आणि ती एका बोटाने टाइप करत गेली. नऊ हजार नावं. दुसऱ्या वर्षी दोन बोटं झाली, तिसऱ्या वर्षी दहा. मी वाचताना चुकलो की ती हात थांबवायची. "मास्तर, हा साचा खात्यातला नाय, हा कांजी खात्यातला. याच्या बायकोला मी ओळखते." अख्खी गिरणी त्या बाईच्या डोक्यातून जाऊन संगणकात उतरली, असं म्हटलं तरी चालेल.

दोन हजार साली गिरणी बंद झाली. त्या नोंदींची प्रत आणि ती खरी असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र मालकांनी समितीला दिलं. मूळ पट परळच्या एका तळघरात पडून होते. पाच सालच्या जुलैच्या पुरात त्यांचा लगदा झाला. त्या दिवसापासून कोण गिरणीत होतं आणि कोण नव्हतं, हे सांगणारी एकच जागा मुंबईत उरली. मंजुळाचं टेबल.

आता गंमत ऐका. ज्या संगणकावर तिने हे टाइप केलं तो सहा साली मेला. नव्या संगणकावर तो जुना प्रोग्राम चालेना. मग हेरंब आला. कामगार भरती करणाऱ्या आमच्या जॉबरचा मुलगा, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा, एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. फाईल बाहेरून उघडायचा त्याने बराच प्रयत्न केला, पण त्या प्रोग्रामरने नोंदी अशा काही कुलपात ठेवल्या होत्या की पडद्यावर नुसते चौकोन यायचे. शेवटी हेरंबने नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक तयार केला. खरा नव्हे, नुसता भासाचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. मला अर्धा तास समजावून माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मंजुळाने मात्र एका वाक्यात सांगितलं. "मास्तर, हा बदलीवाला आहे. कायम कामगार मेला, हा त्याच्या जागेवर उभा राहिला. आतल्या प्रोग्रामला पत्ताच नाय, त्याला वाटतं अजून सत्त्याण्णव सालच आहे."

हा बदलीवाला आठ वर्षं टिकला तो फुकट नाही. बाहेरचा संगणक सतत बदलत असतो. त्याची प्रणाली बदलते, आणि त्या प्रणालीच्या गाभ्यात जो कर्नल असतो, म्हणजे कुणाला कधी काम द्यायचं ते ठरवणारा मुकादम, तो तर वर्षातून चारदा नवा येतो. हेरंब म्हणायचा की हे बदल घेतले नाहीत तर व्हायरस शिरेल, कीड लागेल. आणि घेतले की आतला जुना कधी रुसायचा, कधी प्रिंटरला ओळख दाखवायचा नाही, कधी घड्याळ चुकवायचा. म्हणून मंजुळाने गिरणीचा नियम लावला. वाइंडिंगमध्ये पहिली पाळी सुटताना बाई तशीच घरी जायची नाही. दुसऱ्या पाळीच्या बाईला चात्यांजवळ उभं करून सगळं सांगायची. सातव्या चातीचा पट्टा सैल आहे, बारावीवर सूत वेगळ्या लॉटचं आहे, मुकादमाने अमुक हलवलंय. याला पाळी देणं म्हणायचे. पाळी न देता जी गेली तिला दुसऱ्या दिवशी सगळं खातं फाडून खायचं. हेरंबलाही मंजुळाने वही दिली. "बदल केलास की लिहायचं. पाळी दिल्याशिवाय जायचं नाय." तो इंजिनिअर असेल नाहीतर आणखी कुणी, तो मुकाट्याने लिहायचा. आठ वर्षांत त्या मशीनने किती कर्नल पाहिले आणि दर वेळी काय बिघडलं, सगळं त्या वहीत तारखेनिशी होतं.

त्या मे महिन्यात सोमवारी जाईबाई आली. घोडपदेवची. नवरा धर्मा आमच्याच गिरणीत, साचा खात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. गिरणी कामगारांच्या घरांसाठी तिने अर्ज केला होता आणि नंबर लागत आला होता. पण धर्मा संपाआधी गिरणीच्या पटावर होता याचा पुरावा हवा होता. शनिवारी दुपारी दोनच्या आत. नाहीतर अर्ज बाद. धर्माचा पास हरवलेला. पगाराच्या चिठ्ठ्या छपरातून गळणाऱ्या पाण्यात गेलेल्या. बदलीवाल्याचा पुरावा असतोच कुठे? कायम कामगाराला निदान पीएफचं पुस्तक असतं.

"घाबरू नको गो," मंजुळा म्हणाली. "तुझा धर्मा माझ्याकडे आहे. मीच टाइप केलाय त्याला. बस, पाणी पी, आत्ता कागद काढते."

आणि मशीन चालू होईना.

बाहेरचा संगणक ठीक होता. पण आतला जुना उठायलाच तयार नव्हता. आदल्या दिवशी, रविवारी, हेरंब येऊन नवा कर्नल घालून गेला होता. मंजुळाने वही उघडली. त्याची नोंद होती: कर्नल बदलला, व्हर्च्युअल मशीनचा प्रोग्राम बदलला, चालवून पाहिलं नाही, घरी पाहुणे. चालवून पाहिलं नाही! माझं डोकंच फिरलं. मी फोन लावून त्याला असा झापला की डंकावरचे लोक मसाला सोडून बघायला आले.

हेरंबची चूक होती, पण माणूस सरळ. बुधवारी रजा टाकून सकाळी हजर झाला. पंख्यात गेलेली मिरचीची पूड साफ करताना सात वेळा शिंकला. मग म्हणाला, आतलं मशीन चालवणारा जो भाग असतो तो कर्नलशी जुळवून पुन्हा बांधावा लागतो, तो बांधायचा राहिला. तासाभरात त्याने तो बांधला. आतलं मशीन उठलं. जाईबाईने हात जोडले. माझाही जीव भांड्यात पडला. मंजुळाने प्रोग्रामचं नाव टाइप करून बटण दाबलं.

एक ओळ आली. शून्याने भागल्याची चूक. आणि प्रोग्राम बंद.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. हेरंबने जुना कर्नल परत आणून पाहिला. तेच. जपून ठेवलेली जुनी प्रत आणून पाहिली. तेच. मेमरी वाढवली, आणखी एक प्रोसेसर जोडून दिला, प्रिंटर काढला. तेच, तेच आणि तेच. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा पडला. "मावशी, कदाचित फाईलच खराब झाली असेल," तो हळूच म्हणाला. जाईबाई स्टुलावर बसली होती. तिने ते ऐकलं. पदराने तोंड पुसलं आणि घोडपदेवला निघून गेली. तिला पाठमोरी जाताना बघून मला स्वतःचाच राग आला. मी त्या धर्माची हजेरी पाच वर्षं स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि आता तो होता असं शपथेवर सांगितलं तरी माझ्या तोंडाला विचारतो कोण?

गुरुवारी सकाळी मंजुळा आली. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मशीन बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असं दहा-बारा वेळा. प्रोग्राम चालवतच नव्हती, नुसतं उठताना बघत होती. हेरंब दुसऱ्या दिवशीचीही रजा टाकून आला होता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले.

"हेरंबा," ती म्हणाली, "पहिलं हे उठायचं तेव्हा ओळी एकामागून एक यायच्या. मी तेवढ्यात चष्मा पुसून घ्यायची. आज चष्म्याला हात लावायच्या आत सगळ्या ओळी हजर."

"हो ना! दहापट फास्ट झालंय, मावशी. रविवारीच केलं. पूर्वी आपलं आतलं मशीन सगळं नक्कल करून चालायचं, एकेक गोष्ट भाषांतर करून. आता खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतं. ती सोय नुसती चालू करायची असते."

"वहीत लिहिलंस?"

"ते कशाला? बिघाड लिहायचा ना वहीत? ही तर सुधारणा आहे."

अरे बापरे. इतक्या वर्षांत मंजुळाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"सुधारणा? कोणासाठी सुधारणा? एकोणऐंशी साली आमच्या खात्याच्या साहेबाने पण सुधारणाच केली होती. रातोरात पुल्या बदलल्या. चात्या जोरात फिरायला लागल्या. सूत तेच, हात तेच. तासाला दहा वेळा तुटणारं सूत चाळीस वेळा तुटायला लागलं आणि मेमो कोणाला? आम्हाला. बायकांचं लक्ष नाय म्हणे कामात! तीन दिवस मी भिंतीवर खडूने रेघा मारल्या, किती वेळा तुटलं त्याच्या. मग त्याला नेऊन दाखवलं, बघ, सूत खराब नाय, बाया आळशी नाय, तू पळवतोस म्हणून तुटतं. पुल्या परत बदलल्या तेव्हा खातं शांत झालं. आणि तू म्हणतोस फाईल खराब? फाईल माझ्या हातची आहे! तू याला पळवतोयस म्हणून हा तुटतोय. हळू कर याला."

हेरंब आधी हसायच्या बेतात होता. "मावशी, जास्त वेगाने कुठलं सॉफ्टवेअर..." असं म्हणता म्हणता तो थांबला. मग आपल्या लॅपटॉपवर काहीतरी शोधायला लागला. दहा मिनिटं वाचत राहिला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि कपाळाला हात लावला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "त्या काळात ज्या साधनाने असे प्रोग्राम लिहायचे ना, त्यात एक सवय होती. प्रोग्राम उठल्या उठल्या आधी मशीनचा वेग मोजायचा, म्हणजे नंतर किती थांबायचं ते त्याला कळावं. तो आकडा ठेवायला जागा ठेवलेली असायची. त्यांना वाटलं होतं तेवढी पुरेल. आता आकडा एवढा मोठा येतो की त्या जागेत मावत नाही. मग भागाकार कोलमडतो आणि तो म्हणतो शून्याने भागलंस. फाईलला काहीच झालेलं नाही. मी तो वेग वाढवायलाच नको होता."

"मी काय सांगत्ये मग?" मंजुळा म्हणाली.

त्याने ती सोय बंद केली. मशीन उठलं, प्रोग्राम चालवला, चूक तीच. व्हर्च्युअल मशीनचा नवा प्रोग्राम नक्कल करतानासुद्धा पूर्वीपेक्षा चपळ झाला होता. हेरंबने आणखी लगाम घातला. तीच चूक. "अजून उतर," मंजुळा म्हणाली. त्याने अजून उतरवलं. "अजून." तो बिचारा आयुष्यभर मशीन पळवायला शिकलेला, दर वेळी वेग कमी करताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. तिसऱ्या वेळी पडद्यावर ओळी एकेक करून यायला लागल्या. मंजुळाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटची ओळ आली. तिने बटण दाबलं.

आधी आमच्या गिरणीचं नाव आलं. मग खाली प्रश्न: पास नंबर?

मी उडी मारली की काय ते मला आठवत नाही, पण स्टूल पडलं एवढं खरं. हेरंब मंजुळाच्या पाया पडायला वाकला, तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पाया नको पडू, वहीत लिही. वेग वाढवला होता, तारीख टाक. चांगलं केलं ते पण लिहायचं. चांगलं केलेलंच जास्त नडतं." त्याने लिहिलं. मी स्वतः उभं राहून लिहून घेतलं.

मी घोडपदेवला जाऊन जाईबाईला घेऊन आलो. टॅक्सी केली, हो, टॅक्सी! मॉडला अजून सांगितलेलं नाही.

जाईबाई पडद्यासमोर बसली. तिला वाचता येतं थोडं, पण त्या अक्षरांवर तिची नजर ठरेना. मंजुळाने नावावरून नोंद काढली आणि वाचलं. "धर्मा हरेश्वर, साचा खातं, बदली. लागल्याची तारीख, जून सत्त्याहत्तर." मग महिना आणि किती दिवस भरले ते. बदलीवाल्याला रोज काम कुठे मिळतं? सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत. कुठे अठरा दिवस, कुठे बावीस.

"मार्च अठ्ठ्याहत्तर, चार दिवस."

"सासू गेली तेव्हा," जाईबाई म्हणाली. "गावाला गेला होता."

"ऑगस्ट एकोणऐंशी, सहा दिवस."

"लक्ष्मी झाली. तो पाळण्याला दोरी घेऊन आला आणि तिथेच बसला. मला सोडून जायचंच नाव घेईना."

मंजुळा वाचत गेली, जाईबाई सांगत गेली. हेरंब भिंतीला टेकून ऐकत होता. नऊ हजार नावं मी वाचली होती, माझ्या तोंडाने, चार वर्षं. माझ्यासाठी तो नुसता आकडा होता, सहा दिवस. मला कधी वाटलंच नाही की कुठेतरी एक बाई आहे जिला त्या सहा दिवसांत काय झालं ते पाठ आहे. मला रडू आलं. आलं तर आलं.

"डिसेंबर एक्याऐंशी, एकवीस दिवस. जानेवारी ब्याऐंशी, तेरा दिवस. त्याच्या पुढे..."

"पुढचं राहू दे," जाईबाई म्हणाली. "पुढचं मला माहीत आहे. पुढे मी ससून डॉकला कोळंबी सोलायला गेले."

प्रिंटर किरकिरला. कागद बाहेर आला.

शनिवारी आम्ही चौघं कार्यालयात गेलो. समोरच्या बाई साध्या होत्या, घाईतही नीट बघणाऱ्या. त्यांनी कागद, मालकांचं पत्र, सगळं लावून पाहिलं. मग विचारलं, "हे इतकं जुनं सॉफ्टवेअर अजून चालतं? कोण चालवतं?" माझ्या तोंडावर आलं होतं की आमचा इंजिनिअर चालवतो. पण हेरंबनेच बोट दाखवलं. "ह्या. मी फक्त मदत करतो." त्या बाईंनी मंजुळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कॉम्प्युटर कुठे शिकलात?"

"वाइंडिंग खात्यात," मंजुळा म्हणाली.

मी छाती पुढे काढून उभा राहिलो. जणू मीच शिकवलं होतं. साफ खोटं, पण त्या क्षणी कुणी मला अडवलं असतं तर मी त्याला तिथेच पाडला असता. बाईंनी कागदावर शिक्का मारला, पोच दिली आणि सांगितलं की पुरावा मान्य आहे, अर्ज पुढे गेला.

बाहेर आल्यावर जाईबाई पायरीवरच बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला निघालो तर तिने हाताने थांबवलं.

"मंजुळा, मला त्या कागदाची आणखी एक प्रत काढून देशील?"

"देते की. पण आता कशाला? पोच मिळाली ना?"

"घराला नाय." जाईबाई म्हणाली. "संपानंतर तो घरात बसायचा. सांगायचा, मी गिरणीत होतो, मी साच्यावर होतो. सारखं तेच. मी हात सोलपटून यायची कोळंबी सोलून. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कुठली गिरणी? कागद दाखव. तो उठून बाहेर गेला. मरेपर्यंत परत गिरणीचं नाव नाय काढलं त्याने." तिने पोच घडी करून पदराच्या गाठीत बांधली. "फोटोच्या बाजूला लावते. आज दाखवला त्याने."

मंजुळाने तिला हाताला धरून उठवलं आणि आम्ही लालबागच्या बसला उभे राहिलो. खोलीत आल्यावर मंजुळाने मशीन चालू केलं, आणि ओळी हळूहळू येईपर्यंत चौघंही उभे राहिलो.